वरच्या उजव्या कोपऱ्यातली मुलगी

१

“मिस, वरच्या खिडकीतली ती मुलगी कोण आहे?”

प्रश्न मी विचारला खरा, पण माझ्या हिमतीनं नाही. तितास आणि इंद्राणीनं पैज लावली होती. “तुला एकटीलाच दिसतेय ना? मग उठ आणि सगळ्या टीचर्ससमोर विचार. नाही विचारलंस तर तू घाबरट बर्गी!”

बर्गी म्हणजे मी. तीनशे वर्षांपूर्वी मराठे घोडेस्वार बंगालवर चालून आले, त्यांना इथे अजून बर्गी म्हणतात आणि अजून त्यांच्या नावानं लहान मुलांना झोपवतात. बाबांची कस्टम्समध्ये बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो, तेव्हा या नावानं मी रडायचे. आता मी तितासला म्हणते, “हो, आहे बर्गी. तुझा डबा लुटणारे.” आणि लुटतेही.

तर, उठले. समोर बसलेले सगळे इतिहासाचे शिक्षक. पूजेच्या सुट्टीतला शुक्रवार होता आणि बागबाजारच्या एका जुन्या मुलींच्या शाळेत त्यांची कार्यशाळा चालली होती. पाठ्यपुस्तक मिटून ठेवायचं आणि खऱ्या जुन्या फोटोंवरून, नकाशांवरून, वस्तूंवरून इतिहास कसा शिकवायचा, ते शिक्षकांनीच शिकायचं. सरावासाठी त्यांना जिवंत मुलं हवी होती. माझी आई बालीगंजच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवते, म्हणून आमची वरात आली. लाच म्हणून कचोरी-जिलिपी होती.

शिकवणाऱ्या मृणालिनी मिस बारीक आवाजात बोलायच्या आणि त्यामुळे सगळे जास्तच गप्प व्हायचे. त्यांची पद्धत अशी: एका फोटोचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक गटाला फक्त एक द्यायचा. आधी न बोलता बघत राहायचं. मग दिसतं तेवढंच सांगायचं. वाटतं ते नंतर.

फोटो याच शाळेचा होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. अंगणात ओळीनं बसलेल्या मुली, मागे इमारत. आमच्या हातात आला वरचा उजवा कोपरा. त्यात माणसं नव्हतीच, नुसती भिंत आणि वरच्या मजल्याची एक अंधारी खिडकी. बाकीच्या दोघी कंटाळल्या. मी खिडकीशी बसले होते, तुकडा उन्हात जरा तिरका धरला आणि अंधारातून एक चेहरा वर आला. पाण्याखालून येतो तसा. माझ्याएवढीच मुलगी. दागिना नाही, केस अगदी बारीक कापलेले. सरळ माझ्याकडे बघत होती.

मृणालिनी मिसनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या तुकड्याकडे. “त्या खिडकीत कुणी नाही, नूपुर.”

“आहे, मिस. मला दिसतेय.”

“मी हा फोटो कित्येक वेळा पाहिलाय.” त्यांनी आपला तुकडा सगळ्यांना दाखवला. खिडकी काळीकुट्ट होती. “पण आपला नियम काय? शंका आली की मूळ वस्तूकडे जायचं. पौलोमी, कपाट उघड.”

पौलोमी मिस त्याच शाळेतल्या, सगळ्यांत तरुण, कंत्राटावरच्या. त्यांनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं आणि बटरपेपरचं पाकीट आणलं. मृणालिनी मिसनी फोटो बाहेर काढला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाल्या, “मूळ वस्तू नेहमी उलटूनही बघायची.”

उलटला, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

मागची बाजू कोरी होती. जिथे तपकिरी डाग आणि फोटोग्राफरच्या पेन्सिलीच्या खुणा असायला हव्या होत्या, तिथे काहीच नव्हतं.

“ही तर माझी कॉपी आहे,” त्या म्हणाल्या. “मूळ फोटो कुणीतरी नेला.”

२

फोटो शाळेचा नव्हता. गल्लीतच राहणाऱ्या लतिकादेवींचा होता. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांच्या घराण्यात तो जपून ठेवलेला एकच फोटो, आणि त्यांनी तो विश्वासानं दिला होता.

गडबड उडाली. सत्र थांबलं. मृणालिनी मिसनी स्वतः कॉलेज स्ट्रीटवरून कॉप्या काढून आणल्या होत्या, त्याच मापाच्या आणि जाडीच्या, पिवळसर कागदावर, लांबून मूळ कुठला ते कळू नये इतक्या हुबेहूब. आता तोच हुबेहूबपणा त्यांच्या अंगाशी आला होता.

“पण काल संध्याकाळी मी पाकिटात बघितलं होतं,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “सुचित्रानं सामान परत आणून दिलं, तेव्हा मी डोकावले. फोटो होता. मग पौलोमीनं कपाटाला कुलूप लावलं.”

सुचित्रा म्हणजे माझी आई. तुकडे कापून, रंगीत कार्डांवर चिकटवून, लॅमिनेट करून सगळे संच तिनंच घरी केले होते. तिनं सामान दिलं तेव्हा फोटो पाकिटात होता, म्हणजे आई सुटली. आणि किल्ली रात्रभर पौलोमी मिसकडे होती, म्हणजे पौलोमी मिस अडकल्या.

हेडमिस्ट्रेसनी तिथेच सांगून टाकलं. सोमवारी कमिटी बसेल. तोवर फोटो मिळाला नाही, तर पौलोमीचं कंत्राट संपलं.

पौलोमी मिस रडल्या नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्या किल्लीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

सगळे खाली गेल्यावर मी तितासला ओढलं. “चल, मला तो तुकडा परत बघायचाय.”

“तुला चोरी सोडून भूत सुचतंय?”

“भूत नाही. पुरावा.”

स्टाफरूम आतल्या बाजूला होती, खिडकी नसलेली. संचांची पेटी टेबलावरच पडली होती. ट्यूबलाइट लावली. ती आधी फडफडली, मग पेटली. वरच्या उजव्या कोपऱ्याचे सगळे तुकडे मी शेजारी शेजारी मांडले. लाल कार्ड, हिरवं, निळं, पिवळं. आमचा पिवळा होता, हे मला पक्कं आठवत होतं.

पिवळ्यातली खिडकी काळी होती. हिरव्यातली काळी. सगळ्याच काळ्या.

“गेली,” मी म्हणाले.

तितास माझ्या दंडाला चिकटली. “ओ मा! नूपुर, ती उठून गेली?”

आम्ही पळतच अंगणात आलो. अंगणाबाहेर मंडपाचे बांबू सोडवत होते, त्यांचा ठकठक आवाज येत होता. मी वर पाहिलं. फोटोतली खिडकी अजून तिथेच आहे. फक्त ती विटांनी बुजवली आहे. किती वर्षांपूर्वी आणि कशाला, ते दरवानालाही माहीत नव्हतं. विटांवर ओल आली होती, गोल, बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर.

३

शनिवारी मी ठरवलं, की मृणालिनी मिसचीच पद्धत माणसांवर वापरायची. आधी बघायचं. दिसतं ते सांगायचं. वाटतं ते नंतर.

पौलोमी मिस मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

“तूही विचारणार का, की माझ्या मामांचं हातीबागानला फ्रेमचं दुकान आहे म्हणून?” त्या म्हणाल्या.

“आहे?”

“आहे. देवांचे फोटो आणि लग्नाचे फोटो. शंभर वर्षांपूर्वीचा फोटो मामांना दाखवला, तर विचारतील, यात नवरी कुठली?” आम्ही दोघी हसलो. “माझी आई या नोकरीवरच जगते गं. तिचं औषध. मी सकाळी कपाट उघडलं, खडू काढले, बंद केलं. पाकिटाला हातसुद्धा लावला नाही.”

त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. दिसलं ते एवढंच. वाटलं ते हे, की त्या खोटं बोलत नाहीत.

मग अनिमेषकाकू आले. काकू म्हणजे काका; बंगालीतला हा घोळ पचवायला आईला पहिलं वर्षभर लागलं. ते लतिकादेवींचे भाचे. फोटो त्यांनीच आणून दिला होता आणि आता ते तापलेल्या तव्यावर उभे असल्यासारखे फिरत होते.

“तुम्हाला फोटो विकायचा होता का?” मी सरळ विचारलं. दोन वर्षांपूर्वीची मी असते, तर मेलेच असते.

“हो, होता!” ते ओरडले. “एक गिऱ्हाईकही आलं होतं. पिशी म्हणाली, मी मेल्यावर विक. मग तिनं फोटो या लोकांना फुकटात दिला. का, माहितीये? तिच्या आजीची एक थोरली बहीण होती. निरुपमा. याच शाळेत होती, फोटो काढला त्या दिवशीही शाळेत आली होती. पण फोटोत कुणालाच ती सापडत नाही. पिशीनं भिंग घेऊन एकेक चेहरा शोधला. म्हणे, पोरांचे डोळे नवे असतात, वर्गावर्गांत दाखवा, कुणाला तरी दिसेल.”

“ती... विधवा होती?” मी विचारलं.

ते थबकले. “तुला कुणी सांगितलं? बाराव्या वर्षी. अशा मुलीला कोण बसवणार ओळीत?”

बारीक कापलेले केस, दागिना नाही. मला कुणीही सांगितलं नव्हतं. पिशी म्हणजे आत्या, आणि त्यांच्या आत्याला आयुष्यभर जी दिसली नाही, ती मला उन्हात दिसली होती.

जाता जाता ते आईच्या दिशेनं पुटपुटले, “सामान तर त्या बर्गीबाईच्या घरी जाऊन आलं होतं.” आई पौलोमी मिसना चहा देत होती. तिनं ऐकलं. तितास म्हणते तेव्हा तो शब्द वेगळा असतो.

मी तडक मृणालिनी मिसकडे गेले. “मिस, पाकिटात निघालेली कॉपी मला बघू द्याल?”

त्यांनी दिली. मी बघत राहिले. न बोलता. समोरून, मग उलटून, मग पुन्हा समोरून.

वरच्या कडेला बरोबर मध्यावर पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. खालच्या कडेला एक. दोन्ही बाजूंना एकेक.

“काय दिसतं?” मिसनी सवयीनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलले. कारण ते ठिपके कुणाचे, ते मला माहीत होतं.

४

हे कुणालाही सांगितलं तर क्षुल्लक वाटेल. पण माझी आई कापण्याआधी ठिपके देते. कागद असो, कापड असो, वाढदिवसाचा केक असो. कडांच्या मध्यावर ठिपका, मग पट्टी, मग कात्री. ठिपके दिलेली कॉपी म्हणजे कापायला काढलेली कॉपी. चोर कशाला असली कॉपी शोधून पाकिटात घालेल? चोराला कोरी कॉपी चालली असती.

म्हणजे ती कॉपी चोरानं ठेवलीच नव्हती. ती कापायच्या गठ्ठ्यातून चुकून पाकिटात गेली होती.

मग तिच्या जागी कापलं काय गेलं?

मी जिन्यात बसूनच राहिले. मृणालिनी मिस म्हणाल्या होत्या, मी डोकावले, फोटो होता. डोकावल्या. उलटला नव्हता. सगळ्यांना जे शिकवत होत्या, ते त्या संध्याकाळी त्यांनीच केलं नव्हतं, आणि त्यामुळे सगळे गुरुवार संध्याकाळनंतरचा चोर शोधत होते. पाकिटात कॉपी त्याच्या आधीपासूनच होती.

आणि माझी मुलगी? कॉपी काढणाऱ्या यंत्राला काळं म्हणजे काळंच दिसतं. अंधारातला फिकट चेहरा त्याला कळत नाही. कॉप्यांमधल्या सगळ्या खिडक्या रिकाम्या, तर एका तुकड्यात ती आली कुठून?

मी पेटी घेतली आणि दुपारच्या उन्हात, बुजवलेल्या त्या खिडकीच्या बरोबर खाली, अंगणात बसले. लाल तिरका धरला. काळं. निळा. काळं. हिरवा. काळं. मग पिवळा घेतला. ट्यूबच्या उजेडात प्लास्टिक नुसतंच चमकलं होतं. उन्हात मी तो हळूहळू कलता केला.

ती आली. आधी कपाळ, मग डोळे. ती कुठेही गेलेली नव्हती.

आणि मूळ फोटोही कुठेच गेला नव्हता. दोन दिवस सगळी शाळा त्याला कपाटांत, पिशव्यांत, मामांच्या दुकानात शोधत होती आणि तो पेटीतच होता. चार तुकड्यांत. पिवळ्या कार्डावर. लॅमिनेट करून.

वर बघायचा मोह झाला. नाही बघितलं.

पिवळे चारही तुकडे मी वहीत घातले. मृणालिनी मिसना सांगितलं, “मिस, पिवळा संच मी घरी नेतेय, उद्या सकाळी परत आणते.” कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, मुलीला अभ्यासाची आवड लागली.

५

बालीगंजला पोचलो तेव्हा बाल्कनीत ऊन होतं. बाबा शनिवारचे लवकर आले होते, चहा झाला होता. मी आईला बाल्कनीत बोलावलं आणि तुकडे जोडून ठेवले.

“आई, हे कसे केलेस ते सांग ना. पहिल्यापासून.”

“आत्ता? अगं, डोकं दुखतंय माझं. त्या पौलोमीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.”

“सांग ना.”

तिनं सांगितलं. कागद वळत होते म्हणून सगळे एकत्र शब्दकोशाखाली दाबले. ठिपके दिले. मग वाटलं, रेषा कुणा मुलीच्या चेहऱ्यावरून जायला नको, म्हणून पाकिटातून मूळ फोटो काढून शेजारी ठेवला आणि नीट बघितलं. “तेवढ्यात तुझ्या बाबांचा खिदिरपूरच्या गोदीतून फोन, उशीर होईल म्हणून. मग फोटो पाकिटात ठेवला आणि सगळा गठ्ठा एकत्र कापायला बसले.”

“ठेवण्याआधी उलटून बघितलास?”

“कशाला? समोरच तर...” ती थांबली.

“कार्डावर चिकटवताना?”

“गोंद मी कार्डालाच लावते. चित्र उलटं करावंच लागत नाही.” आईचा आवाज अगदी लहान झाला होता. तिनं पिवळा तुकडा उचलला. मी तिचं मनगट धरून तो उन्हाकडे वळवला.

आई किती वेळ बघत होती, मला माहीत नाही. खालून भंगारवाल्याची हाक गेली. मग ती म्हणाली, “अगं बाई. कोण गं ही पोर?”

“निरुपमा. लतिकादेवींच्या आजीची बहीण. त्या हिलाच शोधत होत्या.”

आई खाली बसली. पदर तोंडावर धरला. मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती. ती वर्गात दाखवायचं जुनं नाणंसुद्धा रुमालानं उचलते.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तुकडा घेतला, लॅमिनेशनची कड नखानं उचलून बघितली. “निघणार नाही हे.”

“नाही,” आई म्हणाली. “ओढलं तर चेहराच निघून येईल.”

“सुचित्रा, ऐक. चूक झाली. जाणूनबुजून नाही केलंस. माझी विशाखापट्टणमच्या बदलीची ऑर्डर महिन्या-दोन महिन्यांत येतेच आहे. कुणाला कळणार आहे?”

“पौलोमी मिसना सोमवारी काढतील, बाबा.”

“तिला आपण दुसरीकडे शब्द टाकू. ओळखी आहेत.”

“चोर म्हणून काढलेल्या टीचरसाठी शब्द टाकणार?”

बाबा हळू म्हणाले, “तो अनिमेष काय म्हणाला, ते तुझी आई सांगत होती मला फोनवर. उद्या सगळा बागबाजार तेच म्हणेल. मराठ्यांनी येऊन नासधूस केली. तुझ्या आईनं एवढी वर्षं घालवलीत या शहरात नाव कमवायला. तुला चालेल?”

मला नव्हतं चालणार. खरंच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिनं पदर काढला होता आणि ती त्या खिडकीतल्या मुलीकडेच बघत होती. ती नाही म्हणाली नाही. हो-ही म्हणाली नाही. आई घाबरली होती. मोठी माणसं एवढी घाबरतात, हे मला माहीत नव्हतं.

मी तुकडे उचलले, पुसले आणि माझ्या दप्तरात ठेवले.

“आई, बाबा, मी उद्या सकाळी लतिकादेवींच्या घरी जाणार आहे. आधी पौलोमी मिसना फोन करून बरोबर घेणार. तुमचा फोटो आम्ही कापला, आमच्या घरी, आमच्या टेबलावर, हे मी त्यांना सांगणार आहे. मग त्यांना उन्हात बसवून निरुपमा दाखवणार आहे. बर्गी म्हणाले तर म्हणू देत. आई, हे तू सांगितलंस तर मला फार बरं वाटेल. साडेआठची बस आहे. पण तू नाही आलीस, तरी मी जाणार आहे.”